ज्यांच्या कार्टूनवरून संसद तहकूब झाली, त्याच शंकर यांनी जगभरातल्या पोरांच्या हातात ब्रश दिला होता

मे 2012. संसदेत प्रचंड गोंधळ सुरू होता. कारण होतं एक कार्टून. तेही आजचं नाही, तर 1949 सालचं.

एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात ते छापलं होतं. चित्रात संविधान नावाची एक गोगलगाय आहे, तिच्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बसलेत आणि मागे पंडित नेहरू हातात चाबूक घेऊन उभे आहेत. संविधान तयार व्हायला वेळ लागतोय, यावर ती टिप्पणी होती. पण ज्या माणसाने आजारपण अंगावर काढत मसुद्याचं काम तडीस नेलं, त्याच्यामागे चाबूक दाखवणं अनेकांना अपमानास्पद वाटलं. खासदारांनी आवाज उठवला, दोन्ही सभागृहं तहकूब झाली, सरकारने माफी मागितली. पुस्तकाचे सल्लागार असलेल्या सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. दुसऱ्याच दिवशी पुण्यात पळशीकरांच्या विद्यापीठातल्या ऑफिसची तोडफोडही झाली.

तेव्हा आपल्याकडच्या बऱ्याच जणांनी पहिल्यांदा एक नाव ऐकलं. शंकर.

वाद आपल्या जागी आहे. पण गंमत अशी की ज्या 1949 साली शंकर यांनी ते कार्टून काढलं, त्याच वर्षी त्यांनी आणखी एक गोष्ट सुरू केली. लहान मुलांसाठी चित्रांची स्पर्धा. या स्पर्धेत पुढे शंभरहून जास्त देशांतली पोरं उतरली. तिच्यामुळे दिल्लीत हजारो बाहुल्यांचं एक घर उभं राहिलं. आणि तिकडे युरोपातल्या पोलंडने या माणसाला असा एक सन्मान दिला, ज्यासाठी नाव फक्त लहान मुलंच सुचवू शकतात.

तर आजची गोष्ट त्या दुसऱ्या शंकर यांची.

झोपलेल्या मास्तरांचं चित्र

पूर्ण नाव केशव शंकर पिल्लै. जन्म 31 जुलै 1902, केरळमधल्या कायमकुलमचा. तेव्हा तो भाग त्रावणकोर संस्थानात होता. वडील लवकर गेले, त्यामुळे शंकर आजोळी वाढले. आजोबांच्या अंगाखांद्यावर केलेल्या उचापती त्यांना जन्मभर पुरल्या. पुढे म्हातारपणाकडे झुकल्यावर त्यांनी मुलांसाठी 'लाइफ विथ ग्रँडफादर' नावाचं पुस्तक लिहिलं, ते याच आठवणींवर.

शाळेतला एक किस्सा त्यांच्याबद्दल कायम सांगितला जातो. वर्गात मास्तरांना डुलकी लागली होती. शंकर यांनी काय करावं? झोपलेल्या मास्तरांचं चित्रच काढून टाकलं. प्रकरण हेडमास्तरांपर्यंत गेलं आणि शंकर यांची चांगलीच कानउघाडणी झाली. पण घरी मामांना मात्र त्या चित्रात पोराचा हात दिसला. ते रागावले नाहीत, उलट चित्रं काढत राहा म्हणून पाठीवर थाप मारली.

आता हा किस्सा वाचायला मजेशीर आहे. पण तो लक्षात ठेवा. एकाच चित्राला एका मोठ्या माणसाने शिक्षा दिली आणि दुसऱ्याने शाबासकी. पुढे आयुष्यभर शंकर यांनी मुलांसाठी जे काही केलं, त्यात ते स्वतः त्या मामांच्या जागी उभे राहिलेले दिसतात.

वकील व्हायला मुंबईत आले, पण…

1927 साली त्रिवेंद्रमच्या कॉलेजातून सायन्सची पदवी घेऊन शंकर मुंबईत आले. ठरलं होतं कायद्याचं शिक्षण घ्यायचं. पण कोर्टाच्या काळ्या कोटात काही जीव रमेना. मग ते शिक्षण अर्धवट सोडलं आणि पोटापाण्यासाठी एका जहाज कंपनीत नोकरी धरली.

दिवसा नोकरी आणि उरलेल्या वेळात चित्रं, असं सुरू झालं. मुंबई तेव्हा स्वातंत्र्य चळवळीने तापलेली होती. सायमन कमिशन, मिठाचा सत्याग्रह, अटका, मोर्चे. कार्टून काढणाऱ्याला विषयांचा तोटाच नव्हता. 'बॉम्बे क्रॉनिकल' आणि 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये शंकर यांची कार्टून्स छापून यायला लागली. हे तेच 'फ्री प्रेस जर्नल', जिथे पुढे आर. के. लक्ष्मण आणि बाळासाहेब ठाकरे यांनी एकत्र काम केलं. म्हणजे भारतातल्या राजकीय कार्टूनच्या इतिहासात मुंबईचा नंबर असा पहिल्यापासूनच वरचा आहे.

1932 साली 'हिंदुस्तान टाइम्स'चे संपादक पोथन जोसेफ यांनी त्यांना दिल्लीला बोलावलं. पगार देऊन, ऑफिसात बसवून कार्टूनिस्ट ठेवायचा, ही कल्पनाच त्या काळी आपल्या वर्तमानपत्रांना नवीन होती. शंकर यांनी तिथे 1946 पर्यंत काम केलं. मधल्या काळात लंडनला जाऊन चित्रकलेचं शिक्षण घेतलं, युरोपातली शहरं पाहिली. दिल्लीत ते व्हाइसरॉयची कार्टून्स काढायचे आणि काँग्रेसच्या नेत्यांनाही सोडायचे नाहीत. ज्यांची खिल्ली उडवली, त्यातले काहीजण मूळ चित्र मागून घ्यायचे.

नेहरूंनी सांगितलं, मला सोडू नका

मे 1948 मध्ये शंकर यांनी स्वतःचं साप्ताहिक काढलं, 'शंकर्स वीकली'. उद्घाटनाला पंतप्रधान नेहरू आले. आपलीही गय करू नका, असं त्यांनी शंकर यांना बजावलं आणि शंकर यांनी ते अगदी मनावर घेतलं. नेहरूंवर त्यांनी इतकी कार्टून्स काढली की पुढे त्यातली निवडक 400 घेऊन स्वतंत्र पुस्तक निघालं.

'शंकर्स वीकली' म्हणजे कार्टूनिस्टांची शाळाच होती. अबू अब्राहम, कुट्टी, ओ. व्ही. विजयन अशी पुढे गाजलेली माणसं या साप्ताहिकाशी जोडली गेली.

पण सत्तेला चिमटे काढणाऱ्या या साप्ताहिकाने 1949 मध्ये एक वेगळाच घाट घातला. मुलांसाठी खास अंक काढायचा आणि मुलांसाठी चित्रांची आणि लेखनाची स्पर्धा घ्यायची.

जपानला गेलेला हत्ती आणि मुलांचा अंक

ही कल्पना कोणत्या काळात आली, ते बघितलं पाहिजे. दुसरं महायुद्ध संपून चारच वर्षं झाली होती. आपल्याकडे फाळणी होऊन दोन. जगात अमेरिका आणि रशिया असे दोन गट पडत होते. पोरांनी जन्मल्यापासून मोठ्यांची भांडणंच पाहिली होती.

जपानमध्ये तर टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयातले हत्ती युद्धकाळात मेले होते. बॉम्ब पडले तर जनावरं मोकाट सुटतील, या भीतीने तिथल्या प्रशासनाने अनेक प्राणी मारले, त्यात हत्तींना उपाशी ठेवण्यात आलं. युद्ध संपल्यावर टोकियोच्या मुलांनी नेहरूंना पत्रं लिहिली, सोबत चित्रंही पाठवली. मागणी एकच, आम्हाला हत्ती द्या. नेहरूंनी मैसूरहून एक हत्तीण पाठवली. तिचं नाव इंदिरा. सप्टेंबर 1949 मध्ये ती टोकियोत पोहोचली तेव्हा तिला बघायला पोरांची झुंबड उडाली.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी, 3 डिसेंबर 1949 ला 'शंकर्स वीकली'च्या मुलांच्या अंकासाठी नेहरूंनी मुलांना उद्देशून एक पत्र लिहिलं. त्यात त्यांनी या हत्तिणीची गोष्ट सांगितली. मोठी माणसं धर्म, जात, पक्ष, देश अशा भिंती उभ्या करून बसतात, मुलांना त्या दिसत नाहीत, असा त्या पत्राचा सूर होता.

नेहरूंनी पत्रात जे मांडलं, ते प्रत्यक्षात आणायचं काम शंकर यांनी अंगावर घेतलं. सुरुवातीला देशातल्या मुलांपासून सुरू झालेली स्पर्धा लवकरच जगभरातल्या मुलांना खुली झाली. नाव पडलं, 'शंकर्स इंटरनॅशनल चिल्ड्रन्स कॉम्पिटिशन'.

पण स्पर्धेने दोन देश जवळ कसे येतात?

हा प्रश्न रास्त आहे. दोन देशांत सांस्कृतिक देवाणघेवाण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? एखादं नृत्यपथक, सरकारी शिष्टमंडळ, विमानतळावर गुच्छ, हॉटेलात जेवण आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. यात कोण जाणार, कुठे जाणार, काय दाखवणार, हे सगळं सरकार ठरवतं.

शंकर यांच्या स्पर्धेत प्रवास करायचा तो फक्त एका कागदाने. मुलाने चित्र काढायचं, पाकिटात घालायचं, तिकीट लावून दिल्लीला पाठवायचं. सोळा वर्षांच्या आतलं कुठलंही पोर यात उतरू शकत होतं. चित्राला भाषांतर लागत नाही. हंगेरीतल्या मुलीने काढलेली जत्रा आणि केरळातल्या मुलाने काढलेली जत्रा शेजारी लावली की परीक्षकाला आणि बघणाऱ्याला दोन्ही कळतात.

दुसरी गोष्ट म्हणजे ही चित्रं पेटाऱ्यात पडून राहिली नाहीत. निवडक चित्रांचा रंगीत वार्षिक अंक निघू लागला. म्हणजे दिल्लीतल्या मुलाला जपानमधल्या मुलाचं चित्र घरात बसून बघायला मिळायचं आणि आपलं चित्र छापून आलेल्या परदेशी मुलाला शेजारच्या पानावर भारत दिसायचा. चित्रांची प्रदर्शनं वेगवेगळ्या शहरांत फिरवली गेली.

1952 पासून दिल्लीत मुलांनी जागेवर बसून चित्र काढायची स्पर्धाही सुरू झाली. घरी काढलेल्या चित्रावर मोठ्यांचा हात फिरू शकतो, इथे तो प्रश्नच नाही. हजारो मुलं एकाच मैदानात कागद पसरून बसायची. आज आपल्या गावोगावी 14 नोव्हेंबरला किंवा 15 ऑगस्टला ज्या चित्रकला स्पर्धा होतात, त्यात बसलेल्या पोरांना हे दृश्य वेगळं सांगायला नको.

आता यातली मर्यादाही सांगायला हवी. पाकीट दिल्लीपर्यंत पाठवायला रंग, कागद, टपालखर्च आणि माहिती देणारी शाळा लागते. ज्या पोराकडे यातलं काहीच नाही, ते या जगाच्या बाहेरच राहिलं. शिवाय स्पर्धा म्हटली की नंबर आले आणि नंबर आले की हिरमोडही आला. पण मुलांच्या चित्राला कुणी गंभीरपणे घेत नव्हतं, त्या काळात देशाच्या राष्ट्रपतींच्या नावाचं सुवर्णपदक मुलाच्या चित्राला मिळू लागलं, ही साधी गोष्ट नव्हती.

हंगेरीहून आलेली एक बाहुली

स्पर्धा सुरू झाल्यानंतर, पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला, हंगेरीच्या राजदूतांनी एक बाहुली भेट दिली. कशासाठी? तर मुलांच्या स्पर्धेत बक्षीस म्हणून देण्यासाठी. त्यांच्या देशाच्या पारंपरिक पोशाखातली ती बाहुली शंकर यांच्या हातात आली आणि ते तिच्याकडे बघतच राहिले. एवढ्याशा बाहुलीच्या अंगावर अख्ख्या देशाचे कपडे, दागिने आणि सणवार मावले होते.

तिथून शंकर यांना बाहुल्यांचं वेडच लागलं. पत्रकार म्हणून ते नेहरूंच्या परदेश दौऱ्यांवर जायचे. जिथे जातील तिथून बाहुली घेऊन यायचे. बघता बघता त्यांच्याकडे 500 बाहुल्या जमल्या.

एखाद्याने त्या घरातल्या काचेच्या कपाटात सजवून ठेवल्या असत्या. शंकर यांना त्या मुलांना दाखवायच्या होत्या. मग मुलांच्या चित्रांबरोबर बाहुल्यांचंही प्रदर्शन गावोगावी जाऊ लागलं. पण सारखं बांधा, सोडा, पुन्हा बांधा, यात बाहुल्या मोडायला लागल्या. अशाच एका प्रदर्शनाला नेहरू आले होते, सोबत इंदिरा गांधी होत्या. शंकर यांनी आपली अडचण सांगितली. या बाहुल्यांना एक कायमची जागाच का नको, असं इंदिरा गांधींनी सुचवलं.

जागा मिळाली दिल्लीच्या बहादूरशाह जफर मार्गावर, नेहरू हाऊसमध्ये. मुलांना चांगली आणि परवडणारी पुस्तकं मिळावीत म्हणून शंकर यांनी 1957 साली सुरू केलेल्या चिल्ड्रन्स बुक ट्रस्टचं हे घर. तिथेच 30 नोव्हेंबर 1965 ला राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते बाहुली संग्रहालयाचं उद्घाटन झालं.

इथे शंकर यांनी आणखी एक डोकं लावलं. संग्रहालयाला जोडूनच बाहुल्या बनवण्याचा कारखाना काढला. तिथे भारतातल्या वेगवेगळ्या राज्यांच्या पोशाखातल्या बाहुल्या बनायच्या. कापड, दागिने, बसण्याची ढब, सगळं त्या त्या भागाप्रमाणे. परदेशातून बाहुली आली की बदल्यात इथली बाहुली तिकडे जायची. म्हणजे एकतर्फी गोळा करणं थांबलं आणि खरीखुरी अदलाबदल सुरू झाली. आज तिथे सुमारे 85 देशांच्या सहा हजारांहून जास्त बाहुल्या आहेत. जपानचे काबुकी नट, स्पेनच्या फ्लेमेंको नर्तकी आणि आपले कथकली कलाकार एकाच छताखाली उभे आहेत.

1975: साप्ताहिक बंद झालं

जून 1975 मध्ये आणीबाणी लागली. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. 31 ऑगस्ट 1975 ला 'शंकर्स वीकली'चा शेवटचा अंक निघाला. 27 वर्षांचा प्रवास संपला. निरोपाच्या लेखात शंकर यांनी हुकूमशाहीला हसणं का परवडत नाही, याची चर्चा केली. लोक हसायला लागले की ते हुकूमशहालाही हसतील, हा त्यातला मुद्दा होता.

यातली विसंगती बघा. ज्या इंदिरा गांधींनी बाहुल्यांना घर सुचवलं, त्यांच्याच राजवटीत साप्ताहिकाला टाळं लागलं. पुढच्याच वर्षी, 1976 मध्ये, सरकारने शंकर यांना पद्मविभूषण दिला. त्याआधी 1966 मध्ये पद्मभूषण मिळालाच होता.

साप्ताहिक गेलं, पण त्याच्या पोटातून जन्मलेली स्पर्धा, पुस्तकं आणि बाहुल्या टिकल्या. सत्तेत बसलेल्यांना कार्टूनची भीती वाटते, मुलांच्या चित्राची वाटत नाही, हे एक कारण असेलच. पण दुसरं कारणही आहे. शंकर यांनी मुलांचं काम अंकाची पुरवणी म्हणून कधी केलंच नव्हतं. त्यासाठी ट्रस्ट, छापखाना, इमारत, माणसं असं सगळं वेगळं उभं केलं होतं. म्हणून मूळ झाड पडलं तरी पारंब्यांनी जमीन धरलेली होती.

पोलंडच्या पोरांनी दिलेला सूर्य

आता सुरुवातीला सांगितलेल्या त्या सन्मानाकडे येऊ.

पोलंडमध्ये 1968 साली एका वर्तमानपत्राच्या पुढाकाराने 'ऑर्डर ऑफ स्माइल' सुरू झाली. मुलांच्या चेहऱ्यावर हसू आणणाऱ्या मोठ्या माणसांना हा सन्मान द्यायचा. पण अट अशी की नाव मुलांनीच सुचवायचं. मोठ्यांच्या शिफारशीला इथे किंमत नाही.

या पदकाचं चित्रही मुलांकडूनच मागवलं गेलं. हजारो चित्रं आली आणि त्यातून एका लहान मुलीने काढलेला हसरा सूर्य निवडला गेला. म्हणजे पदकाचा जन्मच मुलांच्या चित्रांमधून झाला. सन्मान घेताना लिंबाचा आंबटढाण रस प्यायचा आणि तोंड वाकडं न करता हसायचं, अशी त्याची प्रथा आहे.

1977 साली हा सन्मान शंकर यांना मिळाला. तेव्हा 'ऑर्डर ऑफ स्माइल' पोलंडपुरतीच होती, तिला आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला तो नंतर, 1979 मध्ये. त्याआधीच पोलंडमधल्या मुलांच्या या सन्मानाने दिल्लीतल्या एका कार्टूनिस्टला आपलं मानलं होतं. पुढे 1980 मध्ये पोलंडच्याच क्राकाव शहरात बाहुल्यांचं मोठं प्रदर्शन भरलं, तिथे दिल्लीच्या संग्रहालयाला पहिलं बक्षीस मिळालं.

भारत आणि पोलंड यांच्यात त्या काळात सरकारी पातळीवर करारही होत होते, मोठ्या नेत्यांचे दौरेही होत होते. त्यातलं आज किती जणांना आठवतं? पण एका देशातल्या मुलीने काढलेला सूर्य दुसऱ्या देशातल्या पंचाहत्तरीतल्या म्हाताऱ्याच्या छातीवर लागला, हे मात्र डोळ्यांसमोर उभं राहतं.

मग शंकर यांना लक्षात कसं ठेवायचं?

26 डिसेंबर 1989 ला दिल्लीत शंकर यांचं निधन झालं. 1991 मध्ये टपाल खात्याने त्यांची कार्टून्स असलेली तिकिटं काढली. ज्या माणसाने जगभरातल्या मुलांना पाकिटावर तिकीट लावायला शिकवलं, त्याची चित्रं तिकिटावर आली.

त्यानंतर दोन दशकांनी, 2012 मध्ये, ते पुन्हा चर्चेत आले ते त्या गोगलगायीच्या कार्टूनमुळे. त्या चित्रावर आक्षेप घेणाऱ्यांचं दुःख खोटं नव्हतं. कार्टूनिस्टचा हात चुकू शकतो आणि एका काळात चाललेलं चित्र दुसऱ्या काळात टोचू शकतं. त्यावर बोललंच पाहिजे. बोलण्याऐवजी ऑफिस फोडणं हा मात्र त्याचा मार्ग नव्हे.

पण शंकर यांचा हिशोब त्या एका चित्रावर बंद करता येत नाही. वर्गात मास्तरांचं चित्र काढलं म्हणून बोलणी खाल्लेल्या या पोराने मोठेपणी एक गोष्ट पक्की केली होती. चित्र काढणाऱ्या मुलाला ओरडायचं नाही, त्याचं चित्र नीट बघायचं. ते त्याच्या शहरातल्या, देशातल्या आणि जमलं तर दुसऱ्या देशातल्या मुलालाही दाखवायचं.

कधी दिल्लीला गेलात तर लाल किल्ला, इंडिया गेट बघालच. वेळ काढून बहादूरशाह जफर मार्गावर, आयटीओजवळच्या नेहरू हाऊसमध्येही जाऊन या. सोबत लहान मूल असेल तर उत्तमच. काचेपलीकडच्या त्या हजारो बाहुल्यांची सुरुवात हंगेरीहून आलेल्या एका बाहुलीपासून झाली आणि ती बाहुली आली होती मुलांच्या चित्रांना बक्षीस म्हणून, एवढं त्याला नक्की सांगा.